पाळी जायच्या आधीची वर्षं

वीस-बावीस वर्षं अठ्ठाविसाव्या-तिसाव्या दिवशी न चुकता येणारी पाळी पंचेचाळिशीच्या आसपास एकदा तेविसाव्या दिवशीच येऊन टपकते. पुढच्या खेपेला पन्नास दिवस पत्ता नसतो. मग येते ती अशी, की दोन दिवस घराबाहेर पडायची सोय राहत नाही. शेजारीण म्हणते, "पाळी जायची वेळ आली, असंच असतंय." मेडिकलवाला म्हणतो, "गोळी देतो, थांबेल." सोनोग्राफी झालेली असेल तर कुणीतरी म्हणतं, "पिशवीला सूज आहे, काढून टाका एकदाची." ही तिन्ही उत्तरं सोलापुरात कुठल्याही पेठेत फुकट मिळतात, आणि तिन्हींत घाई आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास. त्याआधीचा गडबडीचा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. तो साधारण चार वर्षांचा असतो, काहींना सात-आठ वर्षंही लागतात. म्हणजे एकेचाळीस-बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात झाली तर "एवढ्यात कसं?" म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र चाळिशीच्या आतच पाळी गेली तर ते नैसर्गिक धरून बसायचं नाही. चाळीस ते पंचेचाळीसमध्ये गेली तरी डॉक्टरांना दाखवायचं, कारण हाडांना आणि हृदयाला मिळणारं एस्ट्रोजेनचं (अंडाशयातून येणाऱ्या स्त्री-हार्मोनचं) संरक्षण लवकर संपतं आणि त्याची भरपाई बहुतेकदा औषधाने करावी लागते.

या काळात एस्ट्रोजेन हळूहळू, शिस्तीत कमी होतं असा एक समज आहे. तसं होत नाही. ते कधी नेहमीपेक्षा जास्त चढतं, कधी एकदम पडतं. एखाद्या महिन्यात अंडाशयातून बीजच बाहेर पडत नाही. बीज नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. प्रोजेस्टेरॉन हा दुसरा स्त्री-हार्मोन, त्याचं काम गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची वाढ आवरायचं. आवरणारं कुणी नसलं की अस्तर वाढतच राहतं, पाळी लांबते, आणि शेवटी ते जाड अस्तर एकदम गळायला लागतं. लांबलेल्या पाळीनंतर अंगावर जास्त जातं ते यामुळे. "साठलेलं घाण रक्त बाहेर पडतंय, पडू दे" हे खरं नाही. पडतंय ते चांगलं रक्त, आणि त्याबरोबर शरीरातलं लोहही.

हार्मोन प्रोफाइल नावाचं पॅकेज कुणी सुचवलं तर पैसे देण्याआधी थांबा. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारा मेंदूकडचा हार्मोन, या दिवसांत आठवड्या-आठवड्याला बदलतो. आज ४०, पुढच्या महिन्यात ८, असंही होतं. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल आणि पाळी मागेपुढे होत असेल तर निदानाला एवढं पुरतं. त्याच पैशात सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), एचबीएवनसी (तीन महिन्यांची साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासा, बीपी मोजून घ्या. टीएसएच विशेष महत्त्वाचं, कारण थायरॉइड कमी असेल तरी वजन वाढतं, अंगावर जास्त जातं, गळून जायला होतं. थायरॉइड जास्त असेल तर घाम येतो, छाती धडधडते. सगळं पाळीच्या नावावर खपून जातं आणि थायरॉइड तसाच राहतो. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, खोकला आणि वजनात घट असेल तर टीबीची तपासणी आधी. आणि पाळी चुकली की सर्वांत आधी गरोदरपणाची पट्टी. बेचाळिशीतही.

भिंतीवरची नोंद

दाते पंचांग सोलापूरचंच, त्यामुळे दिनदर्शिका नाही असं घर इथे सापडणं कठीण. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, पाणी कोणत्या दिवशी येणार, सगळं त्यावरच लिहिलेलं असतं. त्यातच चार खुणा वाढवा. पाळी सुरू झाली त्या तारखेला गोल. रोज किती पॅड लागले तो आकडा, आणि पॅड पूर्ण भिजलं होतं की नुसता डाग होता तेही. रक्ताची गाठ पडली तर "ग". वाफ, म्हणजे अंगातून एकदम उठणारी गरम लाट, आली तर जितक्या वेळा आली तितक्या बारीक रेघा, रात्रीच्या वाफेला रेघेवर टिंब. झोपमोड झाली तर "झो". सासूबाईंना किंवा मुलांना कळू नये असं वाटत असेल तर खुणा बदला, पण नोंद सोडू नका. कॉपर टी असली किंवा नसबंदी झालेली असली तरी नोंद ठेवायचीच.

एवढ्यासाठी की दवाखान्यात पहिला प्रश्न "शेवटची पाळी कधी?" असा येतो आणि बहुतेक जणी "झाले असतील की दीड महिने" असं उत्तर देतात. तीन महिन्यांच्या नोंदीवरून तुम्ही कुठे आहात ते स्पष्ट दिसतं. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात दिवसांहून जास्त फरक पुन्हा पुन्हा पडायला लागला, तर हा काळ सुरू झाला. मध्ये साठ दिवसांहून मोठा खंड पडायला लागला, तर शेवटचा टप्पा, म्हणजे साधारण एक ते तीन वर्षं उरली. सोनोग्राफीचा रिपोर्टही या नोंदीशिवाय नीट वाचता येत नाही. पाळी सुरू असण्याच्या वयात अस्तराची जाडी रोज बदलते. चोविसाव्या दिवशी १२ मिलिमीटर असणं स्वाभाविक आहे, आणि तीच पाळी संपल्यावर दोन दिवसांनी पाहिली तर चार-पाच भरेल. म्हणून सोनोग्राफी पाळी संपताच करून घ्यावी, आणि रिपोर्टवर पाळीचा कितवा दिवस होता ते लिहून घ्यावं. ४ मिलिमीटरचा जो आकडा डॉक्टर सांगतात, तो पाळी पूर्ण गेलेल्या आणि नंतर रक्त दिसलेल्या बाईसाठी आहे. पाळी चालू असलेल्या बाईला तो लावून कॅन्सरची भीती घालणं चूक आहे.

अंगावर जाणं

किती म्हणजे जास्त? तासाला एक पॅड भिजतोय आणि असं सलग दोन तास चाललंय, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतायत, सात दिवसांच्या पुढे पाळी लांबतेय, रात्री उठून पॅड बदलावा लागतोय, यातलं काहीही असेल तर जास्त. पहिल्या प्रकारात चक्कर आली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचा दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं किंवा संबंधानंतर दिसलं, तर प्रमाण कितीही कमी असो, तपासून घ्यायचं. पंचेचाळिशीनंतर असा बदललेला रक्तस्राव असेल तर अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. बाह्यरुग्ण विभागातही होतं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पाळीत दुखतं तसं दुखतं. ही तपासणी टाळून कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पहिलं औषध बहुतेकदा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, पण फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत आणि जास्तीत जास्त चार-पाच दिवस. पहिल्या दिवशीच सुरू केली तर उपयोग दिसतो. चौथ्या दिवशी घाबरून सुरू केली तर तोवर जायचं ते गेलेलं असतं. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर ही गोळी चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळीने भागलं नाही तर हार्मोनची तांबी, म्हणजे ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेलं टी-आकाराचं साधन. माझ्या मते या वयातल्या जास्त रक्तस्रावावर हा सर्वांत कमी वापरला जाणारा चांगला उपाय आहे. बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने सारखे डाग पडतात, आणि नेमकं तेवढ्यातच बायका कंटाळून ती काढून टाकतात. ते दिवस निघाले की रक्तस्राव अगदी थोड्यावर येतो, काहींची पाळी बंदच होते, आणि पाच वर्षं तरी बघावं लागत नाही.

आता मेडिकलमधल्या त्या गोळीबद्दल. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढीला घरचे वारीला निघतात, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मध्ये श्रावण, गौरी-गणपती, लग्नं. पाळी पुढे ढकलायची नॉरेथिस्टेरॉनची गोळी इथे चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जाते. पाळी यायच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा घ्यायची, असं तिचं गणित. पण पेरिमेनोपॉजमध्ये पाळी कधी येणार हेच ठाऊक नसतं, तर तीन दिवस आधी कशाच्या मोजणार? उशिरा सुरू केली की ऐन पालखीत डाग पडायला लागतात. मग बाई गोळ्या वाढवते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी साठलेलं अस्तर एकदम सुटतं आणि धो धो जातं. वर, या गोळीचा थोडा भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे वजन जास्त असलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा आधी रक्ताची गाठ झालेल्या बाईला रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. वर्षातून तीन-चारदा असं केलं की दिनदर्शिकेवरची नोंद निरुपयोगी होते, कारण कोणती पाळी स्वतःहून आली आणि कोणती गोळीने, तेच कळत नाही. देवाला पाळी चालते की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. गोळीला मात्र या वयात मनाई समजावी.

आणि "पिशवी". सोनोग्राफीत "बल्की युटेरस", म्हणजे मोठी दिसणारी गर्भपिशवी, असं लिहून आलं की अर्ध्या घराला धसका बसतो. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तो आजार नव्हे. "पिशवीच्या तोंडावर जखम आहे" हेही बऱ्याचदा साध्या, निरुपद्रवी लालीबद्दल म्हटलेलं असतं. तिथे खरा प्रश्न असा, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, म्हणजे व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं), पॅप (पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (विषाणूची तपासणी), झाली आहे का? तिशी ते पासष्टी दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची असं सरकारी धोरणच आहे. फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीतल्या कॅन्सर नसलेल्या गाठी पाळी गेल्यावर आपसूक आक्रसतात. त्रास न देणारी तीन सेंटिमीटरची गाठ छेचाळिशीत काढायची घाई कशासाठी?

ही घाई नुसती दवाखान्यांची नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९मध्ये उघड झालं, तेव्हा त्यामागे पाळीमुळे पडणारा कामाचा खाडा आणि त्याबद्दल भरावा लागणारा दंड हेही एक कारण निघालं. आपल्या जिल्ह्यातही तोडीच्या टोळ्या येतात, गणित तेच आहे. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी सगळ्या राज्यांनी मार्गदर्शक तत्त्वं लागू करावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये बजावलं. ऑपरेशन खरंच गरजेचं असतंही. कॅन्सर, कशालाच न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठी गाठ. पण होकार देण्याआधी एवढं विचारा: नेमकं कारण काय? तुकड्याचा रिपोर्ट काय आला? गोळ्या आणि हार्मोनची तांबी वापरून पाहिली का? अंडाशय ठेवणार की तीही काढणार? पाळी चालू असताना दोन्ही अंडाशयं काढली तर जे चार वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत होतं. वाफा, झोप, हाडं, सगळंच. अंडाशय ठेवली तरी पाळी जायचा काळ काही वर्षं अलीकडे येऊ शकतो.

जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन १२च्या वर आणायला लोहाची गोळी लागते, नुसत्या गूळ-शेंगदाण्याने ते भरून निघत नाही. गोळी दिवसातून एकदा, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आगेमागे तासभर नको. शौच काळं होतं, ते होऊ द्या. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा, नाहीतर साठा रिकामाच राहतो.

सोलापूरचा उन्हाळा आणि आतली वाफ

"काय सांगू ओ, अंगातनं नुसत्या वाफा निघाल्यात," असं एप्रिलमध्ये कुणी म्हटलं तर ती हवा की हार्मोन, हे ओळखणं सोलापुरात तरी सोपं नाही. हार्मोनची वाफ छातीत किंवा मानेच्या मागे सुरू होते. अर्ध्या मिनिटात कानशिलं तापतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मग दरदरून घाम, आणि शेवटी अंगावर काटा येऊन थंडी वाजते. एक ते पाच मिनिटांत सगळं आटोपतं. उन्हाचा उकाडा असा येत-जात नाही, आणि त्याच्यामागून थंडी वाजत नाही. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. एस्ट्रोजेन डळमळलं की त्याची सहनशक्ती आक्रसते. एरवी लक्षातही येणार नाही एवढी, अंशाच्या काही भागाची वाढ झाली तरी ते शरीर थंड करायची सगळी यंत्रणा एकदम सोडतं. त्यामुळे शरीराचं तापमान चढूच न देणं हाच वरवरच्या उपायांचा उद्देश.

मे महिन्यात पारा ४२-४४ला असतो तेव्हा नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याच्यावर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा थंड करत नाही. सुती पंचा ओला करून, पिळून, मानेवर आणि दोन्ही हातांवर ठेवा आणि मग पंख्याखाली बसा. बाष्पीभवनाने लगेच फरक पडतो. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. आपली हवा कोरडी म्हणून तो मार्च ते मे उत्तम काम करतो, पण खिडकी उघडी ठेवूनच. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही, आणि वाफा आणखी जाणवतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कारणाने तो निरुपयोगी, तेव्हा नुसता पंखा चालतो. पाणी दिवसाआड काय, चार-पाच दिवसांआड येणाऱ्या भागात कूलरला टाकी पुरत नाही. अशा घरी रात्री झोपण्याआधी अर्धी बादली पाण्याने हात, पाय, मान भिजवणं जास्त परवडतं. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर खोली जाणवण्याइतकी थंड राहते. पत्र्याच्या घरालाही तोच उपाय.

अंथरुणाचं असं करा. आपली जाड सोलापुरी चादर डिसेंबरसाठी ठेवा. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती घ्या, म्हणजे वाफ आली की एक काढता येतं आणि थंडी वाजली की ओढता येतं. नायलॉनचा गाऊन नको. उशीवर टर्किश टॉवेल अंथरा, भिजला की उलटा करायचा, उठून अभ्रा बदलायला नको. उशाशी तांब्या आणि एक ओला रुमाल. वाफेची पहिली चाहूल लागताच पांघरूण काढायचं. घाम फुटल्यावर काढलं तर उशीर झालेला असतो.

खाण्यात कुणाला झणझणीत रस्सा बाधतो, कुणाला उकळता चहा, कुणाला काहीच नाही. "तिखट बंद, चहा बंद, सगळं बंद" असा हुकूम ऐकून आठ दिवसांत कंटाळा येतो. एका वेळी एकच गोष्ट दहा दिवस सोडा आणि रेघा मोजा. फरक नसेल तर ती परत सुरू करा. शेंगांची चटणी सोडायला लागू नये, पण तिच्यातलं तिखट निम्मं करून बघायला हरकत नाही. सिगारेटने वाफाही वाढतात आणि पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते. मिश्री लावायची सवय असेल तर तोंडाच्या कॅन्सरसाठीच ती आधी सोडावी.

दिवसातून सात-आठ वाफा आणि रात्री दोनदा उठणं, असं असेल तर पंचा आणि पंख्यावर भागवत बसू नये. वाफांचा एकूण काळ बऱ्याच जणींना सात वर्षांच्या पुढे जातो. तेवढी वर्षं न झोपता काढणं हा काही पराक्रम नव्हे. सर्वांत परिणामकारक औषध हार्मोनचंच आहे. गर्भपिशवी असेल तर एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही, पिशवी काढलेली असेल तर नुसतं एस्ट्रोजेन. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, धोका कमी. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झालेल्या, रक्ताची गाठ झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असलेल्या बाईला हे देत नाहीत.

हार्मोनची जी भीती आहे ती २००२च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. त्यातही दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरची वाढ वर्षाला हजारी एकाहून कमी होती. त्वचेवर लावायच्या एस्ट्रोजेनच्या जेलने गोळीसारखा रक्ताच्या गाठीचा धोका वाढत नाही, म्हणून वजन किंवा बीपी जास्त असेल तर जेलबद्दल विचारा. इथे नेहमी होणारी चूक अशी: प्रोजेस्टेरॉनने झोप येते, गरगरतं, म्हणून बाई ती एकच गोळी स्वतःहून बंद करते आणि एस्ट्रोजेन चालू ठेवते. पिशवी असलेल्या बाईने असं केलं की अस्तर आवरणारं कुणी उरत नाही, आणि पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. ती गोळी रात्री झोपताना घ्यायची. मग झोप येणं हा त्रास न राहता फायदाच होतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, नंतर वर्षातून एकदा.

हार्मोन चालत नसतील तर व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्रीचं गॅबापेन्टिन थोड्या मात्रेत देतात. "ही तर डोक्याची गोळी" म्हणून परत फिरू नका, वाफांवर ती खरंच काम करते. व्हेनलाफॅक्सिन अचानक बंद करायची नाही, मात्रा उतरवत आणायची. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर पॅरॉक्सेटिन मात्र नको, एक दुसऱ्याचा परिणाम मारतं. शतावरी आणि सोयाबीनचा फायदा झालाच तर थोडा. लेबल नसलेल्या पुड्या घेऊ नका, त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

ज्वारी आणि हाडं

पाळी जायच्या आधीचं एक आणि नंतरची दोन-तीन वर्षं हाडं सर्वांत वेगाने झिजतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कितीही चांगली असली तरी तीन भाकऱ्यांतून कॅल्शियम पन्नास मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि शेंगदाण्यातही ते फारसं नाही. गरज रोज १००० मिलिग्रॅमची, पाळी गेल्यावर १२००. हिशेब मांडू. पाव लिटर दूध ३००. वाटीभर घट्ट दही १८०. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक भाकरी १८०. दहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर न सोललेले तीळ, भाजून कुटून, १२०. मूठभर शेवग्याचा पाला, पन्नास ग्रॅम, १५०. झाले ९३०. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकऱ्या ठेवून एक नाचणीची केली आणि शेंगांच्या चटणीत तीळ घातले, तरी बरंच काम होतं. मठ्ठ्यात पाणी जितकं जास्त तितकं कॅल्शियम कमी, त्यामुळे ताकाचा पेला दुधाच्या पेल्याइतका धरू नका.

गोळी घ्यायचीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर. लोहाच्या गोळीपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र गिळल्या की लोहही लागत नाही आणि थायरॉइडही. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे. ती रोज घेऊन किडनीवर बेतलेल्या बायका असतात. चिठ्ठीवर "आठवड्यातून" हा शब्द नीट वाचून घ्या. शिबिरात टाचेवर यंत्र ठेवून "हाडं पोकळ झालीत" सांगतात, त्यावर औषध सुरू करू नका. निदान कमरेच्या आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजून, होतं.

चालणं चांगलं, पण ते स्नायूंना पुरत नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दहा रेटे, टाचा उचलून पंधरा वेळा, दोन हातांत दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. सगळं दोनदा. शहराच्या पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या, रोज हजारांचं माप पुरं करणाऱ्या बायकांचे गुडघे, मान आणि खांदे या वयात आधी बोलतात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठून पाच मिनिटं उभं राहणं आणि हात डोक्यावर पूर्ण नेणं एवढं तरी हवंच. हात मागे नेऊन ब्लाऊजचा हुक लावता येईनासा झाला तर तो आखडलेला खांदा. त्याला विश्रांती देऊ नका, फिजिओथेरपी लगेच सुरू करा आणि साखर तपासा.

ज्याबद्दल बोलत नाहीत

लघवीला जळजळ, सारखी शंका, तपासणीत जंतू नाहीत, तरी दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक. याचं मूळ बहुतेकदा योनीमार्गाच्या कोरडेपणात असतं. साबण आणि जंतुनाशकाने धुणं ताबडतोब थांबवा, कोरडेपणा त्यानेच वाढतो. तिथे लावायचं एस्ट्रोजेनचं क्रीम दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावतात. रक्तात ते फारच थोडं जातं. बरं वाटलं म्हणून महिन्यात सोडलं की त्रास परत येतो, ते चालूच ठेवायचं असतं. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर पाण्यात विरघळणारं जेल वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर फाटतं.

खोकताना, हसताना लघवी सुटत असेल तर ओटीच्या तळाचे स्नायू आवळायचे: वायू अडवल्यासारखं आत-वर ओढून पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखला किंवा पोट-मांड्या आवळल्या तर फुकट जातं. लघवी करता करता मध्येच अडवून सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. फरक तीन महिन्यांनी दिसतो.

चिडचिड, विसरभोळेपणा, कारण नसताना रडू येणं हे या काळात होतं आणि झोप सुधारली की बरंचसं निवळतं. पण दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते नैराश्य, आणि त्याचा उपचार वेगळा. आधी कधी, विशेषतः बाळंतपणानंतर, असं झालं असेल तर जास्त जपायचं.

आणि गर्भनिरोध. पाळी तीन महिने आली नाही म्हणून सोडून द्यायचा नाही, बीज कधीही सुटू शकतं. हार्मोनचं औषध गर्भनिरोधक नाही. पन्नाशीनंतर शेवटची पाळी झाली असेल तर एक वर्ष, पन्नाशीच्या आत झाली असेल तर दोन वर्षं काळजी घ्यायची. साधी तांबी चाळिशीनंतर बसवलेली असेल तर ती सहसा तोपर्यंत ठेवता येते. नंतर मात्र आठवणीने काढून घ्यायची. बसवल्याचं विसरलेल्या बायका साठीला पांढरं जाणं, पोटात दुखणं घेऊन येतात आणि सोनोग्राफीत तांबी दिसते. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.